अपराजित बचावाचं शिफारसपत्र

दुसऱ्याच्या नावाने शिफारसपत्र लिहिणं हा काही ठिकाणी गुन्हा समजला जातो, हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी ॲमस्टरडॅममधल्या एका खेळाच्या मैदानाशेजारच्या कँटीनमध्ये कळलं. तोवर मी अशी निदान वीस पत्रं लिहिली होती. वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी, मैत्रिणीच्या बी.एड.च्या प्रवेशासाठी. सर म्हणायचे, "तूच लिहून आण गं, मी सही करतो." आपण लिहून न्यायचं. सर चष्मा कपाळावर ढकलून पहिली ओळ वाचणार, शेवटची ओळ वाचणार, शिक्का मारणार. यात कुणाला काही वावगं वाटल्याचं मी नागपुरात कधी पाहिलं नाही.

आणि लिहायला मी पटाईत. चौदा एप्रिलच्या पत्रकांच्या घड्या घालत मी लहानाची मोठी झाले. कॉलेजात शिष्यवृत्ती रखडली तेव्हा स्वतःच पत्रकं लिहायला लागले. पत्रकाचं तंत्र सोपं असतं. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, शेवटी वेळ आणि ठिकाण. मधे कुठे 'परंतु' आला की त्या कागदात लोक शेंगदाणे बांधून नेतात.

इथे मी मातीतल्या क्षारांवर संशोधन करायला आले आणि सहा महिन्यांत विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची सचिव झाले. यात माझं कर्तृत्व शून्य. बुइटनव्हेल्डर्टच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी मुलगी या संघाची अध्यक्ष होती. सहा फूट उंच, आवाज त्याहून उंच. या देशात तीन माणसं एकत्र आली की त्यांना अध्यक्ष, खजिनदार आणि सचिव लागतो, आणि सचिव व्हायला कुणीही तयार नसतं. तिने मला स्वयंपाकघरात विचारलं, "तू लिहू शकतेस?" मी म्हटलं, "मी दुसरं काही करतच नाही."

या खेळात पायाचं काम फार कमी. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून अडवायचं. पुढे नेणारे अकरा जण वेगळे, अडवणारे अकरा वेगळे, आणि अडवणाऱ्यांचा, म्हणजे बचावाचा, प्रशिक्षकही वेगळा. समोरचे आता काय करणार हे आधी ओळखून आपल्या अकरा जणांना कुठे उभं करायचं, हे त्याचं काम. अमेरिकेत कॉलेजच्या संघाला बचावाचा प्रशिक्षक नेमायचा असला की मंत्रिमंडळाचा विस्तार असल्यासारखी चर्चा चालते म्हणे. आमच्याकडे ती जागा दोन वर्षं रिकामी होती. बचावाचा कप्तानच खेळायचा आणि तोच शिकवायचा, आणि आमच्यावर गुणांचा पाऊस पडायचा.

दादा मला सुपरमार्केटात कोथिंबिरीपाशी भेटले. माझ्या स्वेटशर्टवर संघाचं चिन्ह होतं. ते पाहून एक चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला माणूस आधी इंग्रजीत, मग माझ्या फोनवरचं मराठी ऐकून मराठीत म्हणाला, "तुमचा बचाव पुढे चार उभे करतो की तीन?"

मी म्हटलं, "मी सचिव आहे. मला विचाराल तर पाच असावेत."

तेवढ्यावर ते इतके हसले की हातातली जुडी खाली पडली. पुढच्या रविवारी मी उइटहॉर्नला त्यांच्या घरी वरणभात खात होते. त्यांचं आडनाव ऐकून माझ्या मामाने भुवई उंचावली असती. त्यांनी माझं आडनाव ऐकून भात आणखी वाढला. दादा झाउडासला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात. वहिनी घरूनच काम करतात. मुलगी नऊ वर्षांची. आपण मराठीत विचारायचं, ती डचमध्ये उत्तर देणार.

जेवता जेवता कळलं की दादा अमेरिकेत शिकत असताना कॉलेजच्या फुटबॉल संघाचं चित्रीकरण करायचे. दोन वर्षं लोखंडी मचाणावर चढून कॅमेरा धरायचा, आणि मग बचावाच्या प्रशिक्षकासाठी त्यातले तुकडे कापून लावायचे. भारतात परतल्यावर नाशिकला एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवत होते तेव्हा तिथल्या पोरांना दोन वर्षं त्यांनी हाच खेळ शिकवला, फक्त बचावाचा. मग नोकरी बदलली, देश बदलला, आणि तो विषय संपला.

"तुम्ही आमच्याकडे या ना," मी म्हटलं. "जागा रिकामी आहे."

दादांनी ताटाकडे पाहिलं. "छे. आता कुठे."

त्याच्या पुढच्या रविवारी भांडी घासताना वहिनी मला म्हणाल्या, "अकरा वर्षांत हा माणूस ऑफिस आणि घर सोडून कुठे गेलेला नाही. हॉटेलात जायचं तरी तुम्ही ठरवा म्हणतो. तुझ्याशी बोलला तेव्हापासून रोज टॅबवर तुमच्या पोरांचे सामने बघतोय. मी विचारलं, हवंय का तुला हे? तर हो म्हणाला. अगं, हो म्हणाला! ते त्याला मिळू दे बाई. काय करायचं ते कर."

काय करायचं ते कर. हे वाक्य माझ्यासारखीला सांगू नये.

अर्जाबरोबर एका पानात अनुभव आणि आधीच्या ठिकाणच्या कुणाचं तरी एक पत्र हवं होतं. दादांनी नाशिकच्या जिमखान्याच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "अरे, तूच लिहून पाठव, मी लेटरहेडवर घेऊन सही-शिक्का मारतो." दादांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मला स्वतःबद्दल लिहिता येत नाही. दोन ओळींत संपतं."

"मी लिहिते. तुमच्या संघाने नाशिकला किती सामने जिंकले?"

"सामने कुठले? आसपास दुसरा संघच नव्हता. एकूण अकरा पोरं. सहा इकडे, पाच तिकडे."

"म्हणजे एकदाही हरला नाहीत."

"हरणार कुणाशी?"

"आणि तुमच्या बचावावर बाहेरच्या कुणी गुण केला?"

"अगं, बाहेरचं कुणी आलंच नाही!"

मी लिहिलं, 'दोन मोसम अपराजित. त्यांच्या बचावावर कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला एकही गुण करता आला नाही. त्यांनी उभी केलेली भिंत नुसती भिंत नव्हती, ती विचार करणारी भिंत होती.'

दादांनी वाचलं. "हे जरा..."

"खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"दादा, यातला एक शब्द खोटा दाखवा, मी खोडते."

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि सरांना पाठवलं. दोन दिवसांनी पत्र लेटरहेडवर, जांभळ्या गोल शिक्क्यासह, स्वल्पविरामही न बदलता परत आलं. आम्ही ते जोडलं. उघडच सांगते, मला पूर्ण माहीत होतं मी काय करतेय. पत्रकात खरंच लिहायचं असतं, फक्त सगळं लिहायचं नसतं.

मग संघाच्या ग्रुपवर कप्तानाचा संदेश आला. 'या उमेदवाराची नेमकी पात्रता काय? चित्रीकरण म्हणजे प्रशिक्षण नव्हे. त्याच्याकडे प्रशिक्षकाचा डिप्लोमा नाही. शनिवारी सभासदांच्या बैठकीत यावर बोलायला हवं.'

माझं डोकं सटकलं. पात्रता! हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. मी पहिली आले तेव्हा विचारला गेला होता, परदेशी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्याला दरवेळी उत्तर आधीच माहीत असायचं. प्रयोगशाळेत मला कुणी 'कशी आलीस इथवर' विचारलं की मला ते सायकलने की ट्रामने असं विचारताहेत हे कळायलाही दोन क्षण लागतात. आता हा पाच पोळ्यांइतकं पाव-चीज एका बैठकीत खाणारा पोरगा, जो स्वतः दोन वर्षं बचाव शिकवतोय आणि संघ हरवतोय, तो एका सावळ्या, टक्कल पडलेल्या, शांत माणसाची लायकी मोजणार?

मी तासाभरात पत्रक काढलं. प्रयोगशाळेच्या छपाईयंत्रावर तीस प्रती. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला माझ्या शेजारणीकडून मुकाट्याने सुधारून घेतलेली डच. मथळा होता, 'कप्तानाचा डिप्लोमा कुणी पाहिला आहे?' खाली लिहिलं, कागद म्हणजे कर्तृत्व नव्हे, आणि ज्यांना कागदच हवा त्यांनी तो आधी स्वतःचा दाखवावा. शेवटी वेळ आणि ठिकाण. कँटीनच्या दारावर, कपडे बदलायच्या खोलीत, कॉफीच्या यंत्रावर, सगळीकडे चिकटवलं.

कप्तानाने कॉफीच्या यंत्रावरचं पत्रक वाचलं, कॉफी घेतली, आणि मला म्हणाला, "छान लिहितेस." एवढंच. इतकी निराशा मला लाठीमारानेही झाली नसती.

शनिवारी सकाळी अकराला बैठक होती. दादा ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टाय ट्राममध्ये काढून खिशात कोंबला होता, त्याचं टोक बाहेर लोंबत होतं. बाहेर आडवा वारा आणि आत चिखलाचे बूट, ओल्या मोज्यांचा वास, आणि चार टेबलं जोडून बसलेले तीसेक जण. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, अधूनमधून डचमध्ये. मी ते मराठीत सांगते आहे.

कप्तान उभा राहिला. त्याच्या एका हातात नाशिकचं पत्र होतं आणि दुसऱ्या हातात माझं पत्रक. भरतीचं जुनं, गेल्या सप्टेंबरात नव्या मुलांसाठी मी लिहिलेलं.

"मला एक प्रश्न आहे," तो म्हणाला. "या पत्रात लिहिलंय, 'विचार करणारी भिंत'. आणि आपल्या भरतीच्या पत्रकात लिहिलंय, 'या, विचार करणारी भिंत व्हा.' नाशिकच्या कॉलेजने आपलं पत्रक वाचलं होतं का?"

कुणीतरी हसलं. माझ्या कानांतून वाफ निघाली असावी. जी ओळ एकदा चालली ती दुसऱ्यांदा वापरायची, ही आम्हा पत्रकवाल्यांची जुनी खोड. गल्ली वेगळी असली की कुणाला कळत नाही. इथे गल्ली एकच होती.

मी म्हटलं, "चांगल्या कल्पना दोघांना सुचू शकतात."

"सुचू शकतात," कप्तान म्हणाला. "खाली फोन नंबर आहे. विचारूया का?"

संदर्भ दिला म्हणजे फोन करणार, हे इथे गृहीतच असतं. आपल्याकडे लेटरहेडवर नंबर छापलेला असतो तो शोभेला. त्यावर कुणी फोन केल्याचं नाशिकच्या इतिहासात नसेल. अध्यक्षीणबाईंनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. तिकडे दुपार होती. तीन रिंगा झाल्या आणि शिट्टीचा आवाज आला, पोरांचा गलका आला, आणि मग सर.

"हॅलो, कोण? आंतरमहाविद्यालयीन खो-खो चालू आहे, लवकर बोला!"

अध्यक्षीणबाईंनी सगळी ओळख सांगितली आणि विचारलं, "हे पत्र तुम्ही लिहिलं आहे ना?"

"सही माझीच आहे, मॅडम."

"आणि मजकूर?"

"मजकूर उमेदवार देतो. मी कुठे लिहीत बसू? वर्षाला चाळीस पत्रं असतात माझ्याकडे!" मागे शिट्टी. "ए, खांबाला हात लागला तिचा, मी पाहिलाय! हां मॅडम, बोला."

तीस चेहऱ्यांवर एकच गोष्ट लिहिलेली होती. या माणसाने स्वतःची स्तुती स्वतः लिहून दुसऱ्याची सही घेतली, आणि तो दुसरा ते आनंदाने सांगतोय. मी दादांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या पत्राकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा, ताटाकडे बघून 'छे, आता कुठे' म्हणताना होता, तसा. वहिनींचा 'हो म्हणाला' मी माझ्या हाताने पुसत होते.

"म्हणजे तुम्ही ते वाचलंत तरी का?" कप्तानाने विचारलं.

"वाचलं! शब्द न् शब्द बरोबर आहे."

"दोन मोसम अपराजित?"

"अपराजितच! हरवायला होतं कोण?"

एका कोपऱ्यातून फुर्र असा आवाज आला. मग दुसऱ्या. मग खजिनदार तोंडावर बाही धरून टेबलाखाली गेला. कप्तानाला हसायचं नव्हतं. त्याने ओठ दाबून धरले होते, पण नाकपुड्या फुलल्या होत्या.

मला मात्र हसू येईना. मी उभी राहिले. उभं राहून ओरडायची सवय आहे, उभं राहून कबूल करायची नाही, त्यामुळे आवाज नको तेवढा मोठा निघाला.

"पत्र मी लिहिलंय. भिंतही माझी, अपराजितही माझं. ते नको म्हणत होते. आमच्याकडे पत्र असंच लिहितात, कुणाला फसवलं असं कुणाला वाटत नाही, पण सामने झालेच नाहीत हे मला माहीत होतं आणि मी ते मुद्दाम लिहिलं नाही. जे काय करायचं ते माझं करा. मी सचिवपद सोडते."

"नाही," दादा म्हणाले. तेही उभे राहिले. टायचं टोक अजून लोंबतच होतं. "पत्र मी वाचलं आणि मी पाठवलं. जबाबदारी माझी आहे."

"पत्र तिने लिहिलं का?" फोनमधून सर म्हणाले. त्यांचा फोन चालूच होता. "छान लिहिलंय हो पोरीने! मला वाटलं यानेच लिहिलं, म्हटलं हा कधीपासून इतका बोलायला लागला."

अध्यक्षीणबाईंनी हात वर केला. "दोघंही खाली बसा. पत्र बाजूला. ते नसल्यासारखं धरा. असं पुन्हा करू नका, कारण इथे लोक याला फसवणूक म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी तुम्ही अडचणीत याल. सचिवपद सोडायचं असेल तर आधी दुसरा सचिव आणून दे." तिने सगळ्यांकडे पाहिलं. तीसही जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. "ठरलं, तूच सचिव." मग ती फोनकडे वाकली. "सर, या माणसात काय कमी आहे?"

सर खो-खोच्या गलक्यातून जरा बाजूला गेले असावेत, शिट्टी लांबून यायला लागली. चाळीस गुणिले किती वर्षं, एवढ्या पत्रांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसणार.

"कमी?" ते हळूच म्हणाले. "कमी म्हणजे... ओरडत नाही. मैदानावर ओरडायला लागतं, हा जवळ जाऊन कानात सांगतो. वेळ फार खातो. पोरांना वर्गात बसवून तोच तोच व्हिडिओ दाखवायचा, वीज गेली की पोरं टाळ्या वाजवायची. माझ्याकडून शिडी घेऊन गेला, वर बसून चित्रण करायला. प्राचार्यांनी मला झापलं. आणि कौतुक करत नाही कुणाचं. पोरं म्हणायची, सर, हे 'ठीक' म्हणाले म्हणजे आम्ही जिंकलो का?" मग ते म्हणाले, "पण मॅडम, त्या अकरांपैकी एक कधी गैरहजर राहिला नाही. हे मात्र माझं स्वतःचं वाक्य आहे. यावर हवी तर वेगळी सही देतो."

अध्यक्षीणबाईंनी आभार मानून फोन बंद केला. कप्तान अजून उभाच होता. त्याने पत्राची घडी घातली.

"ठीक," तो म्हणाला, आता दादांकडे बघून. "कागद संपले. मी पात्रता विचारली होती ती यासाठी. आम्ही गेल्या मोसमातला शेवटचा सामना वाईट हरलो. का हरलो?"

दादा बसूनच बोलले. "तुमच्यामुळे."

मी डोळे मिटले.

"प्रत्येक वेळी चेंडू हलायच्या आधी तुम्ही डावा खांदा मागे वळवता, आपले बाकीचे तयार आहेत का ते बघायला. तुम्हाला सगळ्यांची काळजी असते, ते दिसतं. पण समोरच्या फेकणाऱ्यालाही तुमचा खांदा दिसतो. त्याला कळतं, आता तुमचं लक्ष नाही. अर्ध्या वेळेनंतर तो तेवढ्याचीच वाट पाहत होता. मी नऊ वेळा मोजलं." दादा उठून जागा सोडून कप्तानाच्या जवळ गेले, आणि सरांनी सांगितलं होतं तस्सं, हळू आवाजात, पण कँटीन इतकं गप्प होतं की सगळ्यांना ऐकू आलं, "आणि तुम्ही चेंडूकडे बघता. चेंडू खोटं बोलतो. समोरचा गडी वाकून हात जमिनीवर टेकतो ना, त्याच्या बोटांकडे बघा. बोटांची टोकं पांढरी झाली म्हणजे भार पुढे आहे, तो धावून येणार. बोटं गुलाबी म्हणजे भार मागे, ते फेकणार. एवढं बघायला मला दोन वर्षं मचाणावर उभं राहावं लागलं. प्रशिक्षण दिलं नाही मी तिथे, हे तुमचं बरोबर आहे."

कप्तानाच्या गळ्यापासून लाली वर चढत गेली. माझ्या देशात याच्यापुढचं दृश्य मला पाठ आहे. खुर्ची मागे सरकते, कोण कुणाला काय बोलतोय असा प्रश्न येतो, दोन माणसं मधे पडतात. मी मधे पडायला तयार झाले होते.

कप्तान खाली वाकला. खरंच वाकला, कँटीनच्या फरशीवर, खेळात वाकतात तसा, आणि एक हात जमिनीवर टेकवून आपल्याच बोटांकडे बघू लागला. भार पुढे दिला. मागे घेतला. पुन्हा पुढे दिला.

"क्लॉप्त," तो म्हणाला. डचमध्ये बरोबर आहे असं म्हणायचं तर एवढंच म्हणतात. मग मागे वळून ओरडला, "अरे, सगळे बघा हे!"

पुढच्या पाच मिनिटांत ती सभा उरली नाही. बचावातले सगळे जण फरशीवर हात टेकून एकमेकांची बोटं बघत होते, एक जण कॉफीच्या यंत्रावर आपटला, अध्यक्षीणबाई टेबलावर चमचा वाजवत होती, आणि दादा प्रत्येकाजवळ वाकून कानात काहीतरी सांगत होते. मत घ्यायचं होतं म्हणून घेतलं. विरोधात दोन हात आले, एक त्यातला खजिनदाराचा, आणि तो विरोधातच का याचं कारण त्याने नीट उभं राहून सांगितलं की मचाण भाड्याने मिळणार नाही. पहिल्या चार सामन्यांपर्यंत दादा बचाव बघणार, कप्तान त्यांच्या हाताखाली, आणि हिवाळ्याआधी दादांनी प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा. दादा म्हणाले, "करतो. मला परीक्षा आवडतात." यावर मात्र सगळे पोट धरून हसले.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगणं अवघड नाही. सुटले. इतकी वर्षं मी या पात्रतेच्या प्रश्नावर दार धडाधडा वाजवत आले, कारण बहुतेक दारांमागे निकाल आधीच लिहिलेला असतो. त्याबद्दल माझं मत आजही तेच आहे, आणि उद्या कुणी माझ्यासमोर तसा प्रश्न विचारला तर पत्रक आजही तासाभरात निघेल. पण या दाराला कडीच नव्हती. कप्तानाने प्रश्न विचारला, आणि मग उत्तरासाठी चक्क जमिनीवर वाकला. असा प्रश्न विचारणारा माणूस ओळखायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि मी त्याच्यावर तीस प्रती काढल्या.

माफी मागायला त्याच्याकडे गेले. "त्या पत्रकाबद्दल..."

"कुठल्या? माझ्याकडे डिप्लोमा नाही हे खरंच आहे," तो म्हणाला. "पण दारावर लावलेलं काढ. अभ्यागतांना वाटतं मी डॉक्टर आहे."

मी दारावरचं, कपड्यांच्या खोलीतलं, यंत्रावरचं असं सगळं काढलं. चिकटपट्टी इतकी मजबूत लावली होती की रंगाचे पापुद्रे आले.

दादा मैदानावर गेले होते. वारा तसाच होता. ऑफिसच्या शर्टात ते चुन्याच्या रेषेवर उभे होते आणि अकरा जण त्यांच्याभोवती. एक पोरगा उंच उडी मारून काहीतरी विचारत होता, ते मान हलवत होते. त्यांचा फोन माझ्याकडे होता. तो वाजला. वहिनी होत्या.

"काय झालं? उचलत का नाही तो? झालं ना? नाही झालं का?"

"झालं, वहिनी."

तिकडे भांडं सिंकमध्ये ठेवल्याचा आवाज आला. मग नळ. मग नळ बंद.

"वहिनी?"

"ऐकतेय." त्यांनी नाक ओढलं. "रोज आहे का गं हे?"

"मंगळवार, गुरुवार. आणि सामने शनिवारी."

"शनिवारी? मग मुलीला पोहायला कोण नेणार?" आणि फोन तोंडापासून लांब धरून त्या मुलीला काहीतरी म्हणाल्या. मुलगी डचमध्ये किंचाळली. मला त्यातला एक शब्द कळला, बाबा. "ठीक आहे," वहिनी म्हणाल्या, "मी नेते. त्याला सांग घसा सांभाळ म्हणावं. ओरडायची सवय नाही त्याला."

मैदानाच्या पलीकडून दादांनी हात वर केला. कुणाला तरी थांबवत होते. कप्तान खाली वाकला होता आणि या वेळी त्याचा डावा खांदा जागच्या जागी होता. दादा त्याच्यापाशी गेले, वाकले, काहीतरी बोलले.

कप्तानाने मान वर करून मला ओरडून विचारलं, "ते 'ठीक' म्हणाले! हे चांगलं आहे का?"

"हो!" मी तेवढ्याच जोरात ओरडले. "फार चांगलं आहे!"